‘एस’च्या पट्टीवर पैसे मोजू नका

बीएमडब्ल्यूच्या ई३० पिढीतल्या ३२५आय गाडीला मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एलएसडी, म्हणजे घसरणाऱ्या चाकाकडेच सगळा जोर जाऊ न देणारा, मागच्या दोन चाकांमधला गिअरचा डबा) बसवायचा तर बहुतेक जण जुनाच माल शोधतात, आणि फसतात ते तिथेच. कंपनीच्या एलएसडीवर मागच्या झाकणाच्या एका बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते: ‘एस ३.७३’. ‘एस’ म्हणजे आत क्लच प्लेटा, ३.७३ हा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनकडून येणाऱ्या शाफ्टचे फेरे. पण पट्टी एकाच बोल्टवर. साध्या डिफरन्शियलवर ती चढवायला दोन मिनिटं पुरतात. म्हणून आधी बोल्ट बघा. बाकीचे सगळे गंजलेले आणि पट्टीच्याच बोल्टच्या कडा पान्याने ताज्या खरवडलेल्या दिसल्या, तर व्यवहार तिथेच थांबवा.

मग विकणारा म्हणतो, "हाताने फिरवून बघा ना!" एका बाजूचा फ्लँज (चाकाचा शाफ्ट जोडायची चकती) फिरवला की दुसराही त्याच दिशेला फिरतो आणि गिऱ्हाईक खूश. साधा असता तर दुसरा उलटा फिरला असता, हे खरं. पण आतले स्पायडर गिअर (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे छोटे गिअर) वेल्डिंग करून जाम केले असले तरी दोन्ही फ्लँज एकाच दिशेला फिरतात! खात्री करायची तर इनपुट (इंजिनकडचा शाफ्ट जोडायचं टोक) मोकळा ठेवा, एक फ्लँज पक्का धरा आणि दुसऱ्यावर टॉर्क पाना (किती जोर लागतो ते मोजणारा) लावा. चांगला एलएसडी जोर लावल्यावर एकसारखा सरकतो. प्लेटा झिजल्या असतील तर तो सहज फिरतो, आणि वेल्ड केलेला हलतच नाही. वेल्ड केलेला माल रस्त्याच्या गाडीत फार वाईट: तीव्र वळणावर टायर घासटतात, ॲक्सलवर ताण येतो, आणि वेल्डचा तुकडा सुटून क्राउन-पिनियन या मुख्य गिअरच्या जोडीत गेला तर मागची चाकं चालत्या गाडीत जाम होऊ शकतात.

रेशोतही हातचलाखी चालते. ई३०चा स्पीडोमीटर डिफरन्शियलच्या झाकणातल्या सेन्सरवर चालतो, त्यामुळे चुकीचा रेशो बसला तरी काटा वेग बरोबरच दाखवतो. म्हणून इंजिनचे फेरे बघा. ३२५आयच्या पाच गिअरच्या गेट्राग २६० बॉक्सचा चौथा गिअर १:१ आहे, म्हणजे त्यात इंजिन आणि डिफरन्शियलचा इनपुट सारखेच फिरतात. चौथ्यात, मूळ मापाच्या टायरवर ताशी १०० किमीला ३.७३वर इंजिन मिनिटाला साधारण ३३०० फेरे घेतं. २६००च्या आसपास दिसलं तर तुमच्या गळ्यात २.९३ मारलाय.

सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे पैसे देण्याआधी, विकणाऱ्यासमोर झाकण उघडणं. ऑइल भरायचा प्लग आधी सोडवा, १४ मिमीच्या ॲलन कीने. तोच जाम निघाला आणि ऑइल आधीच काढून टाकलं असेल तर पुन्हा भरणार कुठून? मग दात मोजा: क्राउनचे ४१, पिनियनचे ११ (४१ ÷ ११ = ३.७३). कॅरिअरच्या (स्पायडर गिअर धरणाऱ्या पिंजऱ्याच्या) मोठ्या खिडक्यांतून स्पायडर गिअर उघडे दिसले तर तो साधाच आहे. बंद करताना नवं गॅस्केट लावा आणि एलएसडीचं गिअर ऑइल १.७ लिटर भरा.

‘नव्या प्लेटा घातल्यात’ असं सांगून रिबिल्डचे पैसे लावले असतील तर काढलेल्या प्लेटा मागा, आणि टॉर्क पान्याचं आधीचं व नंतरचं माप. नुसतं ऑइल बदललेलं असेल तर दोन्ही मापं जवळजवळ सारखीच येतात.