फोन पॅच निवडताना: व्हॉक्स, सॅम्पलिंग की रिपीटरवरचा ड्युप्लेक्स?

टेलिफोनची लाईन आणि वायरलेस सेट जोडणारा डबा, म्हणजे फोन पॅच, घेताना बहुतेक जण किती नंबर साठवता येतात आणि पासवर्ड किती अंकी आहे हे आधी बघतात. खरा निर्णय वेगळ्याच प्रश्नावर अवलंबून असतो: फोनवरचा माणूस बोलत असताना सेटवरच्या माणसाला मध्येच बोलता येणार का? आणि कॉल तोडायची वेळ आली, तर त्याचा आदेश पॅचला ऐकू जाणार का?

फोनवर दोघेही एकाच वेळी बोलू शकतात. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारा सेट एक तर बोलतो, नाही तर ऐकतो. ही अडचण पॅच कशी सोडवतो, त्यावरून त्याचे तीन प्रकार पडतात.

व्हॉक्स

ही सगळ्यांत जुनी युक्ती. अमेरिकेत फोन कंपनीच्या लाईनला बाहेरचं उपकरण जोडायला मुभा देणाऱ्या १९६८ च्या प्रसिद्ध निकालामागचा कार्टरफोन हाच प्रकार वापरायचा: रिसीव्हर पाळण्यात ठेवायचा, फोनवरून आवाज आला की ट्रान्समीटर आपोआप चालू.

फायदा असा की बेस सेट कितीही संथ असला तरी चालतो. तोटा असा की चॅनेलचा ताबा फोनवाल्याकडे जातो. त्याच्या मागे टीव्ही चालू असेल किंवा लाईनवर खरखर असेल, तर ट्रान्समीटर सुटतच नाही. एंगेज टोन लागला तर तो टोनच पीटीटी (सेटचं बोलण्याचं बटण) धरून ठेवतो आणि सेटवरून पाठवलेला तोडण्याचा कोड कुणीच ऐकत नाही. म्हणून व्हॉक्स पॅच घेताना तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: डायल टोन आणि एंगेज टोन ओळखण्याची सोय, ठरावीक सेकंदांनी पीटीटी सोडायला लावणारा टायमर (१० ते १५ सेकंद ठेवा), आणि आवाज थोडा उशिरा सोडणारा डिले. हा डिले नसेल तर ‘हॅलो’मधला ‘हॅ’ दर वेळी गळतो, कारण ट्रान्समीटर चालू होईपर्यंत तो बोलून झालेला असतो. होल्ड टाइम (आवाज थांबल्यावरही ट्रान्समीटर चालू राहण्याचा वेळ) अर्ध्या सेकंदापासून सुरू करा. कमी केलात तर शब्दांमध्ये तुटक येतं, वाढवलात तर सेटवरच्या माणसाला ताटकळावं लागतं.

सॅम्पलिंग

इथे फोनवाल्याचा आवाज जात असताना पॅच थोड्या थोड्या वेळाने क्षणभर पीटीटी सोडतो आणि कुणाचा कॅरिअर (दुसऱ्या सेटचा सिग्नल) आहे का ते ऐकतो. असेल तर सेटवाल्याला वाट देतो. ताबा सेटवाल्याकडे राहतो, म्हणून कॉल कधीही तोडता येतो. एका फ्रिक्वेन्सीवर काम करायचं असेल तर आमची पहिली पसंती हीच, पण बेस सेट चपळ असेल तरच.

ट्रान्समीटर बंद होणं, रिसीव्हर जागेवर येणं, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) उघडणं, पॅचने निर्णय घेणं, हे सगळं मिळून ८०–१०० मिलिसेकंदांत झालं तर बोलणं सहज समजतं. २५० च्या पुढे गेलं की अक्षरंच्या अक्षरं गायब होतात. सिंथेसायझरवाल्या (फ्रिक्वेन्सी सर्किटने तयार करणाऱ्या) काही सेटना लॉक, म्हणजे फ्रिक्वेन्सीवर स्थिर, व्हायलाच वेळ लागतो, तिथे पॅचमधलं कुठलंही सेटिंग कामाला येत नाही. सेटच्या स्क्वेल्चवर अवलंबून न राहता थेट डिस्क्रिमिनेटरमधून (रिसीव्हरमध्ये सिग्नलमधून आवाज वेगळा काढणारा भाग) आवाज घ्या आणि स्क्वेल्चचं काम पॅचला करू द्या. पुष्कळ वेळ वाचतो.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते: हातातल्या सेटवर सीटीसीएसएस डिकोड (ठरावीक खालचा टोन आला तरच आवाज ऐकवणारी सोय) चालू असेल तर दर सॅम्पलनंतर टोन पुन्हा ओळखायला त्याला वेळ लागतो, आणि ६७ हर्ट्झसारखा खालचा टोन असेल तर आणखीच. दोष पॅचला दिला जातो, कारण सेटमध्ये असतं. हातातल्या सेटवर डिकोड बंद ठेवा.

डिजिटल सेटवर सॅम्पलिंगच्या वाटेला जाऊ नका. कॉल जुळायलाच इतका वेळ जातो की क्षणभर ऐकण्याची खिडकी पुरत नाही.

रिपीटरवरचा ड्युप्लेक्स

रिपीटर म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून तेच दुसरीवर पुन्हा पाठवणारं केंद्र. येणारी आणि जाणारी फ्रिक्वेन्सी वेगळी असल्यामुळे ताब्याचा प्रश्नच उरत नाही. आधीपासून रिपीटर असेल तर दुसरा विचार करू नका. नसेल, तर फक्त पॅचसाठी ड्युप्लेक्सर (एकाच अँटेनावर दोन्ही फ्रिक्वेन्सी वेगळ्या ठेवणारा फिल्टर) आणि दुसरी फ्रिक्वेन्सी उभी करणं क्वचितच परवडतं. दोन्ही बाजूंचं बोलणं साऱ्या चॅनेलला ऐकू जातं हेही लक्षात ठेवा. काही पॅच सेटवाल्याच्या बोलण्यावर झाकण-टोन (ते बोलणं झाकणारा टोन) पाठवतात.

| | व्हॉक्स | सॅम्पलिंग | ड्युप्लेक्स |
|---|---|---|---|
| ताबा | फोनवाला | सेटवाला | दोघेही |
| बेस सेट | कोणताही | चपळच हवा | रिपीटर |
| ट्रान्समीटरवर ताण | बोलण्यापुरता | जवळजवळ सतत | पूर्ण कॉलभर |
| जास्त त्रास कशाचा | टोन, गोंगाट | तुटक आवाज | हायब्रिडचा (लाईनवरचं जाणारं-येणारं बोलणं वेगळं करणारं सर्किट) समतोल |

ताणाची ओळ गंभीरपणे घ्या. साधा बेस सेट सतत ट्रान्समिट करायला बनवलेला नसतो. पॉवर निम्म्यावर आणा, पंखा लावा आणि कॉलची मर्यादा ३ मिनिटं ठेवा. सेटचा स्वतःचा टाइम-आउट पॅचच्या मर्यादेपेक्षा मोठा हवा, नाही तर सेट मध्येच गप्प होतो आणि पॅचला ते कळतही नाही.

जोडणी आणि पातळ्या

तिन्हींसाठी तारा त्याच: पीटीटी, माइककडे जाणारा आवाज, रिसीव्हरचा आवाज, सीओएस (सिग्नल आला की खूण देणारी तार), ग्राउंड आणि फोनची जोडी. लाईनवर ४८ व्होल्ट डीसी असतं आणि रिंग येताना त्यावर ७५ ते ९० व्होल्ट एसी चढतं, म्हणून तारा जोडताना लाईन काढून ठेवा. जोडीतली कोणतीही तार ग्राउंड करू नका. तसं केलं की ५० हर्ट्झची गुणगुण ठरलेली. सीओएसची पोलॅरिटी उलटी लागली तर पॅचला सतत कुणीतरी बोलतंय असं वाटतं आणि ट्रान्समीटर कधीच चालू होत नाही. नव्या जोडणीत ही चूक फार होते.

मग पातळ्या, याच क्रमाने. लाईनवर −१० डीबीएमचा १ किलोहर्ट्झ टोन द्या आणि डेव्हिएशन (आवाजामुळे फ्रिक्वेन्सी किती सरकते ते) कमाल मर्यादेच्या ६० टक्क्यांवर आणा: २५ किलोहर्ट्झच्या चॅनेलवर ३ किलोहर्ट्झ, १२.५ च्या चॅनेलवर १.५. नंतर सेटवरून तेवढ्याच डेव्हिएशनचा टोन पाठवून लाईनवर −१० डीबीएमच्या आसपास पातळी मिळवा. हायब्रिडचा ट्रिमर सगळ्यात शेवटी: सेटचा आवाज ट्रान्समीटरकडे परत गळतो तो कमीत कमी करा. २० डेसिबल दाबला गेला तर उत्तम. लांब तांब्याची लाईन कधीच नेमकी ६०० ओहम नसते, त्यामुळे हे काम टेबलावर नव्हे, तर प्रत्यक्ष त्याच लाईनवर करायचं. व्हॉक्सचा उंबरठा (किती आवाजावर चालू व्हायचं ते) याच्याही नंतर.

डिस्क्रिमिनेटरमधून आवाज घेतला असेल तर डी-एम्फसिस (चढवलेले वरचे सूर पुन्हा खाली आणणारी सोय) चालू करायला विसरू नका. नाही तर डीटीएमएफच्या (आकड्याचं बटण दाबल्यावर जाणारे दोन-दोन सूर) वरच्या गटाचे टोन सुमारे ५ डेसिबल जड होतात आणि आकडे अधूनमधून चुकतात.

प्रोग्रॅमिंग

आधी पासवर्ड बदला, मग जोडण्याचा आणि तोडण्याचा कोड ठेवा. नुसता ‘#’ ठेवू नका. बोलण्यातला एखादा सूर डीकोडरला फसवतो आणि कॉल तुटतो. दोन अंकी कोड घ्या. पुढे निष्क्रियतेचा टायमर (३० सेकंद) आणि महागड्या कॉलना बंदी. समोरच्याने फोन ठेवल्यावर एक्स्चेंज लाईनचा प्रवाह क्षणभर तोडतं, त्यावरून पॅच सुटतो. ऑफिसच्या ईपीएबीएक्सची (अंतर्गत एक्स्चेंज) एक्स्टेन्शन असेल तर बऱ्याचदा ही खूण येतच नाही. अशा वेळी एंगेज टोन ओळखणं आणि निष्क्रियतेचा टायमर यांवरच भिस्त.

तांब्याची लाईन मिळत नसेल तर एसआयपी गेटवे (इंटरनेटवरून फोन कॉल जोडणारं उपकरण) घ्या, पण ताब्याचा प्रश्न तिथेही तसाच राहतो, कारण तांबं गेलं तरी चॅनेल एकच आहे. कोडेक (आवाज डिजिटल करण्याची पद्धत) जी.७११ ठेवा, शांतता दाबण्याची सोय बंद करा, आणि आकडे गेटवेवरच ओळखून टेलिफोन-इव्हेंट (आवाजात नव्हे, वेगळा संदेश) म्हणून पुढे पाठवा. जी.७२९ सारख्या कोडेकमधून टोन आवाजातच पाठवले तर ते नीट पोचत नाहीत. जिटर बफरमुळे (मागेपुढे येणारा आवाज सलग लावण्यासाठी थोडा थांबवून ठेवणारी सोय) होणारा ५० मिलिसेकंदांच्या आसपासचा उशीर व्हॉक्सला सोसतो. सॅम्पलिंग मात्र गेटवेच्या रेडिओच्या बाजूलाच झालं पाहिजे; नेटवर्कपलीकडच्या सर्व्हरवर ते सोपवलं तर खिडकी पुन्हा रुंद होते.