रायग्रास: उगवणीआधी फवारायचं की उगवल्यानंतर?
गव्हातलं रायग्रास (गवतासारखं तण) औषधाला दाद देत नसेल तर उगवल्यानंतर मारायच्या क्लोडिनाफॉप, पिनोक्साडेन या तणनाशकांवर विसंबून राहू नका, दोन्हींचं काम एकाच पद्धतीचं, एकाला तण सरावलं की दुसरंही बऱ्याचदा फेल जातं, आणि डोस वाढवला तर उलट तगडी रोपंच तेवढी मागे उरतात आणि बी टाकतात. पायरोक्सासल्फोन हे तणनाशक तण उगवायच्या आधी मारायचं, ते कोवळा कोंबच दाबतं, पण जमिनीत ओल पाहिजेच पाहिजे, कोरड्यात मारलं तर पैसे वाया. मला तरी रायग्राससाठी हेच पटतं. रुंद पानाच्या तणांना मात्र नंतरची फवारणी सोयीची, काय उगवलंय ते बघून औषध निवडता येतं. आणि काहीही मारा, वाचलेलं रायग्रास बी धरायच्या आत उपटाच, जमिनीतलं त्याचं बहुतेक बी २-३ वर्षांत संपतं.