सीबीएसजवळचं टायपिंग-झेरॉक्स दुकान : निवेदन करून घ्यायचंय तर जा, पेनड्राइव्ह घेऊन जा

टायपिंगच्या दुकानाचा काय रिव्ह्यू लिहायचा असं वाटेल, पण नाशकात ज्यांना कलेक्टर ऑफिसला नाहीतर आमदाराला निवेदन द्यायचंय त्यांच्या उपयोगाचं आहे म्हणून लिहितेय. सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, कोर्टाच्या आजूबाजूला टायपिंगवाले बसतात त्यातलंच एक दुकान, नाव मुद्दाम देत नाही कारण पुढे थोड्या तक्रारी पण आहेत आणि काका माणूस भला आहे.

आमचा विषय दोन अपत्यांची अट. आम्ही काही जणी शहरातल्या, काही इगतपुरी-त्र्यंबककडच्या गावातल्या, मागणी एकच की ही अट काढा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ग्रामपंचायत, पंचायत समिती नाहीतर झेडपीला उभं राहायचं तर 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालेलं चालत नाही, आणि निवडून आल्यावर झालं तरी पद जातं. मूल दत्तक दिलं तरी सुटका नाही, ओडिशाच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2018 ला तसंच सांगितलंय. म्हणजे एकीकडे 50 टक्के जागा बायकांना राखीव ठेवायच्या आणि दुसरीकडे तिसरं हवं की नको हे घरात जिला कोणी विचारलंच नाही तिलाच बाहेर काढायचं. राज्याचा जननदर 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत बाईमागे सरासरी 1.7 मुलांवर आलाय, बायकांची ऑपरेशनं ढिगाने होतात, पुरुषांची नसबंदी एक टक्का पण नाही, आणि वर अपात्र कोण तर तीच. असो, रिव्ह्यूवर येते.

आम्ही चार पानांचा मसुदा घेऊन गेलो, सगळ्यांनी आपापला राग त्यात ओतलेला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पहिलं पान वाचलं, दुसरं नुसतं चाळलं आणि म्हणाले, "ताई, कलम कुठंय? नुसतं अन्यायकारक अन्यायकारक लिहून तिकडे कोणी वाचत नाही." मग स्वतःच ड्रॉवरमधून एक जुनं निवेदन काढलं आणि संदर्भात 'महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958, कलम 14 (1) (ज-1)' टाकलं. इतकी वर्षं अपात्रतेचे अर्ज टाइप करतायत, त्यांना ते पाठ आहे. खरंतर अपात्रतेची बरीच प्रकरणं अशीच सुरू होतात, हरलेला उमेदवार शाळेचा दाखला नाहीतर जन्मनोंद शोधून आणतो आणि कलेक्टरकडे अर्ज टाकतो. काकांनी दोन्ही बाजूंचे अर्ज टाइप केलेत म्हणे, एकाच आठवड्यात.

दुसरी गोष्ट जी मला फार आवडली, त्यांनी आमचं निवेदन सरळ दोन भागांत फोडलं. आमच्या मसुद्यात अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनचा पण मुद्दा होता, ते दर तीन महिन्यांनी घ्यावं लागतं आणि एका आरोग्य उपकेंद्रात नेमकं तारखेला संपलेलं असतं. शिवाय बाईच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही मागतात, जी नियमाने लागतच नाही. काका म्हणाले हे कायद्याचं नाही, हे अंमलबजावणीचं आहे, हे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना वेगळं द्या, कायदा बदलायचा तर विधिमंडळच लागतं, तिथे आमदारामार्फत जा, नाहीतर विनंती अर्ज समितीकडे. एका कागदावर एकच मागणी. हे आम्हाला दोन वकिलांनी सांगितलं नव्हतं, आणि टायपिंगचे पानाला 40 रुपये.

एका मैत्रिणीला इतिहास पहिल्याच पानावर हवा होता. 1938 ला मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला आणि तो पडला, आणि 1976 ला याच राज्याने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक दोन्ही सभागृहांत पास केलं, राष्ट्रपतींची संमती नाही मिळाली म्हणून वाचलो. साधनं द्या म्हटलं तर नको आणि सक्ती म्हटलं की बहुमत, हा तिचा मुद्दा, आणि बरोबरच आहे. काका म्हणाले ठेवा, पण दुसऱ्या पानावर, पहिल्या पानावर फक्त मागणी. आंध्रने अशीच अट 2024 ला काढली ते मात्र त्यांनीच वर घ्यायला लावलं, "दुसऱ्या राज्याने केलंय म्हटलं की साहेब वाचतात."

आता तक्रारी. टायपिंग अजून जुन्या फॉन्टमध्ये, त्यामुळे ईमेलने पाठवलं की समोर नुसते किडेमकोडे दिसतात, युनिकोडमध्ये करून द्या म्हटलं तर पोरगा वैतागतो आणि वेगळे पैसे लावतो. दुपारी जेवायला शटर अर्धं खाली, कोणी विचारलं तर आतून उत्तर पण येत नाही. झेरॉक्सच्या मशीनला काळी रेघ येते, सह्यांच्या पानावर ती रेघ बरोब्बर नावांवरून गेली आणि ती पानं आम्ही शेजारच्या दुकानातून परत काढली. बसायला एकच स्टूल, त्यावर पण फायली.

माझ्याकडून चार स्टार, एक त्या रेघेचा कापला. जाताना मसुदा हाताने लिहून न्या, पेनड्राइव्हवर वर्ड आणि पीडीएफ दोन्ही मागून घ्या, आणि तीन प्रती काढा, एक द्यायला, एक आमदाराच्या ऑफिसला आणि एक पोच घ्यायला. पोचेवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर तिन्ही बघा, आमच्या एका प्रतीवर नुसता शिक्का मारून दिला होता, तारखेसाठी परत रांगेत उभं राहावं लागलं. माहिती अधिकाराचा अर्ज करणार असाल तर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प काकांकडेच मिळतं, आम्ही आता तोच टाकतोय, जिल्ह्यात या अटीखाली किती सदस्य गेले आणि त्यात बायका किती.