सोलर दिवा घेताय? आधी उलटा करून स्क्रू शोधा

गोठ्यापाशी लावायला तालुक्याच्या बाजारातून '३०० वॅट'चा सोलर दिवा घेतला. खोक्यावर तीन वर्षांची वॉरंटी, १२००० एमएएच बॅटरी, रात्रभर उजेड, सगळं छापलेलं. एक पावसाळा सरला आणि दिवा जेवणं उरकायच्या आत मान टाकायला लागला.

दुकानदार म्हणाला, "वॉरंटी एलईडीला आहे काका, बॅटरीला नाही." एलईडीला काय धाड भरलीय? असल्या दिव्यात आधी बॅटरीच जाते, आणि नेमकी तीच वगळलेली.

गावात मोटारी-पंखे दुरुस्त करणारा एक पोरगा आहे, त्याच्याकडे नेला. मागे एक स्क्रू नाही, सगळं चिकटवलेलं. उचकटताना कड तुटलीच. आत बोटाएवढा एकच सेल, तोही पत्तीला वेल्ड केलेला आणि वरून गोंद ओतलेला. या १८६५० मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्येही ३५०० एमएएचच्या आसपासच मावतात. आमचा टेस्टरवर हजारालाही पोचला नाही. वॅटचं तर विचारूच नका: चौरस फूटभर पॅनेल कडक उन्हात अठरा-वीस वॅट देतं, आणि या दिव्याचं पॅनेल त्याच्या निम्मंही नाही. वरचा प्लास्टिकचा थर पिवळा पडलेला, तो वेगळाच.

नवा सेल दीडशे-दोनशे रुपयांत बसला, दिवा लख्ख लागला. पण तुटलेल्या कडेला सिलिकॉन किती धरणार? वळवाचं पाणी आत गेलं, सर्किट गंजलं, दिवा भंगारात.

आता घेणाऱ्यांनी मागे स्क्रू आहेत का आणि सेल सॉकेटनं निघतो का, ते दुकानातच बघा. पॅनेल वेगळं असलेला दिवा मिळाला तर उत्तम. बॅटरीची वॉरंटी बिलावर लिहून घ्या. सेल बदलताना जुन्यावरचा व्होल्ट वाचा. ३.२ च्या जागी ३.७ चा टाकला तर तो पुरता भरतच नाही, ३.७ च्या जागी ३.२ चा टाकला तर जास्त चार्ज होऊन फुगतो, हे जास्त धोक्याचं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली आहे. बिलाबरोबर खोकंही जपून ठेवलंय, कारण ३०० वॅटचा आकडा फक्त त्याच्यावरच आहे. दिव्यावर कुठंच नाही.