कॉमेट की टियागो ईव्ही, आणि लीजवर घ्यायची का? नागपूरवाल्यांसाठी हिशोब

लीजचा, म्हणजे गाडी विकत न घेता ठरलेल्या मुदतीसाठी भाड्याने घ्यायचा विषय निघाला की लोकं आधी हप्ता विचारतात, अन् मी विचारतो की भाऊ तुमची गाडी महिन्याला फिरते किती? सगळं गणित तिथंच अडकलेलं आहे. पण आधी या दोन इलेक्ट्रिक गाड्या पाहून घेऊ.

एमजी कॉमेट तीन मीटरपेक्षाही आखूड आहे. इतवारी, महाल, सीताबर्डी, जिथं पार्किंगसाठी चकरा मारून जीव जातो तिथं हिच्यासारखं सुख नाही. बॅटरी 17.3 किलोवॅट-तासाची, कंपनी रेंज 230 किमी सांगते, पण मे महिन्यात पारा 45 च्या वर आणि एसी फुल असला की दीडशेच्या आसपास धरून चालायचं. दारं दोनच, त्यामुळे मागे बसायला पुढची सीट वाकवून वाट काढावी लागते, सासूबाई नऊवारीत असल्या तर त्या पुढेच बसणार आणि मागे घुसायचं तुम्ही. मागची सीट उभी असेल तर डिक्की नावालाच, लॅपटॉपची बॅग आणि सांबाराची जुडी मावली तरी खूप. आणि खरी मेख म्हणजे डीसी फास्ट चार्जिंग (चार्जिंग स्टेशनवर झटपट चार्ज व्हायची सोय) नाही, रिकामी झाली की साध्या चार्जरवर पाच-सात तास गाडी एकाच जागी. शहराबाहेरचं विसरा.

टाटाची टियागो ईव्ही म्हणजे आपली नेहमीची चार दाराची हॅचबॅक. छोटी बॅटरी 19.2 ची, मोठी 24 ची, घ्यायची तर मोठीच घ्या. फास्ट चार्जरवर 10 ते 80 टक्के तासाभरात होते, म्हणजे वर्धा जाऊन-येऊन आरामात आणि अमरावतीला गेलात तर तिकडे चहा-नाश्ता होईपर्यंत चार्जिंगला लावून परत. बॅटरी लिक्विड कूल्ड आहे, म्हणजे आत फिरणाऱ्या द्रवाने थंड राहते, आपल्या उन्हाळ्यात ही गोष्ट मी डॅशबोर्डच्या स्क्रीनपेक्षा जास्त महत्त्वाची धरतो. टाटाचीच पंच ईव्ही याहून ऐसपैस आहे आणि भारत एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत तिला 5 स्टार मिळालेत, पण बजेट तिथपर्यंत गेलं की ती छोट्या गाडीची चर्चाच राहत नाही.

आता पैशाचं. 2024 च्या सप्टेंबरात कॉमेट बॅटरी भाड्याने घेऊन 4.99 लाखांत आली, वर किलोमीटरमागे अडीच रुपये. ऐकायला एकदम झकास. पण अशा बॅटरी-भाड्याच्या योजनांत महिन्याला किमान किलोमीटरची अट असते, ती विचारा. समजा अट 1500 किमीची आहे आणि तुम्ही धंतोली ते धरमपेठ करत महिन्याला 600 च चालवता, तर बिल 3,750 रुपये, म्हणजे किलोमीटरला सव्वासहा रुपये झाले आणि वीज वेगळीच. पेट्रोलची गाडी एवढ्यातच चालते राजेहो!

लीजचं बरोब्बर उलटं. तिथं वर्षाला किलोमीटरची कमाल मर्यादा असते, ती ओलांडली की जास्तीच्या प्रत्येक किलोमीटरला पैसे. म्हणजे कमी चालवणारा बॅटरी-भाड्यात मरतो, जास्त चालवणारा लीजमध्ये, आणि शोरूमवाला दोघांनाही तेवढ्याच गोड आवाजात हप्ता सांगतो.

मनीष नगर, बेसा, हिंगणा साईडने मिहानला रोज जाणारा, ज्याची कंपनी पगारातून लीज देते आणि ज्याला तीन वर्षांनी गाडी बदलायचीच आहे, त्याने टियागो लीजवर घ्यावी असं माझं सरळ मत आहे. इन्शुरन्स-मेंटेनन्स बहुतेक हप्त्यातच येतं, थोडाफार टॅक्सही वाचतो आणि जुनी ईव्ही विकताना भाव किती पडणार ही डोकेदुखी लीज कंपनीची. बॅटरीची वॉरंटी 8 वर्षांची आहे ते ठीक, पण सेकंडहँड घेणारा बॅटरीचंच नाव काढून भाव पाडतो.

रिटायर्ड माणूस, घरची पार्किंग, दिवसाला 15-20 किमी फिरणं, यांनी लीजच्या नादी लागूच नये. कॉमेट बॅटरीसकट विकत घ्या, वापरा, संपलं. पॉलिसी स्वतःच्या नावावर राहते त्यामुळे नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) तुमचाच, लीजमध्ये गाडी त्यांच्या नावावर म्हणून तो हातचा जातो.

विजेचं थोडक्यात सांगतो. 600 किमीला साधारण 70 युनिट लागतात. घरचं बिल आधीच अडीचशे युनिटांच्या पुढे असेल तर ही 70 तुम्हाला 300 च्या वरच्या महागड्या स्लॅबमध्ये ढकलतील, म्हणून ईव्हीसाठी वेगळं मीटर मिळतं का ते महावितरणला विचारा. 15 अँपिअरचा पॉइंट आणि चांगली अर्थिंग हवीच, एक्स्टेंशन बोर्डावर रात्रभर गाडी लावू नका बाप्पा.

फ्लॅटवाल्यांनी सोसायटीची परवानगी आधी लेखी घ्यावी, गाडी दारात आल्यावर नाही. आणि लीजच्या करारात मुदतीआधी गाडी परत केली तर किती कापणार हे आकड्यात लिहून मागा, कारण नोकरी पुण्याला बदलली तर तेच कलम अंगावर येतं. गाडी परत करताना कोणता ओरखडा चालतो आणि कोणत्याचे पैसे लागतात तेही त्याच कागदावर घ्या, आपल्या बर्डीत बंपर कोरा ठेवणं कुणाला जमलंय.