इंग्रजी शिकायला मोबाईल की शिकवणी?

गोव्यातल्या सत्तरी-पेडणे तालुक्यांतली बरीच मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीत विषय एकदम इंग्रजीतून समोर येतात. शिकवणी वाळपईला किंवा म्हापशाला. शेवटची बस चुकली की पंचाईत. मोबाईल घरीच असतो, आणि मुख्य म्हणजे चुकले तरी कोणी हसत नाही. एकच वाक्य वीस वेळा म्हणता येते. मुले मोबाईलकडे वळतात ती या निर्धास्तपणामुळे, असे आम्हांला ठामपणे वाटते.

उच्चारात मात्र मोबाईल फसवतो. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम, तेव्हा ओठ गोल करायचे. ‘व्हेस्ट’ म्हणजे बनियन, तेव्हा वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे. आपण दोन्हीकडे मराठी ‘व’ लावतो. ॲप बऱ्याचदा संदर्भावरून शब्द ओळखून मोकळे होते, चूक तशीच मुरते. शिक्षकाला ओठ दिसतात. लेखनाचेही तेच: स्पेलिंग फोन सुधारतो, परीक्षेत हात अडतो. म्हणून आपोआप दुरुस्ती बंद ठेवा, उत्तरे वहीत लिहा.

आमची पसंती: रोज पंधरा मिनिटे मोबाईलवर ऐकून स्वतःचा आवाज रेकॉर्ड करणे, आठवड्यातून एकदा ते शिक्षकांना ऐकवणे. पावसात रेंज जाते, धडे आधीच डाउनलोड करा.