विश्रामबागेतलं वजन घटवण्याचं केंद्र: तपासणी बरी, समजूत चुकीची

सांगलीतल्या या केंद्रात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) भारतीय निकषांनी काढतात: 23 पासून वजन जास्त, 25 पासून लठ्ठपणा. 160 सेंमी उंचीला 25 म्हणजे 64 किलो. ही गोष्ट खरोखर चांगली, कारण लठ्ठपणाला 30 चा आंतरराष्ट्रीय निकष लावला तर मधुमेहाच्या वाटेवरची कितीतरी माणसं सुटून जातात.

कंबर मात्र कपड्यांवरून मोजतात. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, त्वचेवर, श्वास सोडल्यावर धरायला हवी. बायकांना 80 आणि पुरुषांना 90 सेंमी ही मर्यादा आहे. सलवारीची नाडी मध्ये आली की महिन्याभराची प्रगतीच खोटी ठरते.

शरीरातली चरबी मोजणाऱ्या यंत्रावर फार विसंबू नका. ते सौम्य वीजप्रवाह सोडून शरीरातल्या पाण्याचा अंदाज घेतं. पाणी कमी पडलं की चरबी जास्त दाखवतं. दर वेळी सकाळी, उपाशीपोटी, लघवी करून मगच उभं राहा.

डाएट चार्टात ओट्स आहेत, ज्वारीची भाकरी नाही. तेलाबद्दल तर अवाक्षर नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. माणशी दिवसाला 25 ग्रॅम धरलं, तर चौघांच्या घरात 15 किलोचा डबा पाच महिने जायला हवा. तीन महिन्यांत संपत असेल तर माणशी 40 ग्रॅमच्या वर जातंय. संध्याकाळचं भडंग आणि वडे यात धरलेले नाहीत.

सर्वांत खटकतो तो भिंतीवरचा फलक: ‘लठ्ठपणा म्हणजे आळस’. हे साफ चूक आहे. आनुवंशिकता, स्टेरॉइडसारखी औषधं, कुपवाड एमआयडीसीतल्या रात्रपाळ्यांनी मोडलेली झोप, हाताशी असलेलं स्वस्त तळलेलं, या सगळ्यांनी वजन वाढतं. उलट थायरॉइडवर लोक भलताच भार टाकतात. त्याने सहसा दोन-चार किलोच वाढतात.

आळसाची ही समजूत घरापुरती राहत नाही. दोष माणसाचाच मानणारे लोक साखरेवरच्या कराला किंवा पाकिटावरच्या ठळक इशाऱ्याला कमी पाठिंबा देतात, असं परदेशी पाहण्यांत दिसलंय. ब्रिटनने 2018 मध्ये 100 मिलीत 5 ग्रॅम किंवा जास्त साखर असलेल्या शीतपेयांवर कर लावला, तेव्हा कंपन्यांनीच साखर कमी केली. आपला शीतपेयांवरचा 40 टक्के जीएसटी बिनसाखरेच्या डाएट कोल्यालाही तेवढाच लागतो, मग साखर कमी करायचं कारण काय उरतं?

मुलांच्या बॅचला आलेल्या पालकांना इथे एक गोष्ट सांगायलाच हवी होती: शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ मुलांना विकायला 2020 च्या नियमांनी बंदी आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.